पांढरी रेघ

सोमवार, ३

आलो एकदाचा. सातला बसमधून उतरलो, आठला खोलीची किल्ली मिळाली आणि नऊला हातात पाना होता. नव्या नोकरीची याहून चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही.

खोली गॅरेजच्या वरच आहे. लोखंडी जिना, अकरा पायऱ्या, सातवी डुगडुगते. आत एक खाट, एक टेबल, भिंतीतलं कपाट आणि खाली अंगणात बघणारी खिडकी. नळ आधी दोन मिनिटं कुरकुरतो आणि मगच पाणी देतो. मला सासऱ्यांची आठवण झाली.

माणसं मोजकी. मालक पन्नाशीचे. त्यांना दिवसाला वीस शब्दांचा कोटा असावा, आणि त्यातले पंधरा ते फोनवर संपवतात. वेल्डरकाका अगदी उलट, तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा असला तरी आतून बोलणं चालूच. आणि तिसरा मी.

बायको आणि ठकू अठ्ठावीसला येतील. ठकू म्हणजे आमची लेक, वय सात, स्वभाव सत्तरीचा. तोवर खोलीला घराची कळा आणायची आहे.

ही वही आजपासून इथली. माझ्या पहिल्या उस्तादांनी लावलेली सवय आहे: जे केलं ते लगेच लिहायचं, हात तेलकट असले तरी, मन थाऱ्यावर नसलं तरी. त्यामुळे माझ्या वह्यांना ग्रीसचा वास येतो आणि बायको त्या कपाटात ठेवू देत नाही.

मंगळवार, ४

आज मालकांनी मागच्या शेडकडे नेलं. तिथे एक निळी गाडी धूळ खात उभी आहे. आतलं बाराशे सीसीचं इंजिन पार जाम झालंय, पण बॉडी ठणठणीत. मालक म्हणाले की याच गाडीच्या वरच्या मॉडेलचं सोळाशेचं इंजिन शेडमध्ये पडून आहे. मोकळ्या वेळात ते बसव आणि गाडी तू घे. मी दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा मान हलवली.

लगेच घरी फोन केला. ठकूने जाहीर केलं की ती पुढे बसणार आणि हॉर्न तीच वाजवणार. हिचा आवाज मात्र सावध होता, आणि तिचं काही चुकत नाही. याआधी दोन नोकऱ्यांच्या वेळी मी या, या म्हणालो आणि ऐनवेळी बेतावर पाणी फिरवलं. दुसऱ्या खेपेला तर भांडीसुद्धा बांधून झाली होती. या वेळी असं करू नकोस, असं ती म्हणाली नाही, पण मला ऐकू आलं.

मी कबूल केलंय. अठ्ठावीसला संध्याकाळी पाचला, पुलापलीकडच्या फाट्यावर बस थांबते तिथे मी उभा असेन. आपल्या स्वतःच्या गाडीसकट.

गुरुवार, ६

इथली एक पद्धत फार आवडली. बोल्ट हवा तेवढा आवळला गेला की टॉर्क पाना 'टक' असा आवाज करतो. टक झाली की बोल्टवरून शेजारच्या लोखंडावर रंगाची बारीक रेघ ओढायची. पुढे बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसते. हे बऱ्याच ठिकाणी करतात, पण इथे प्रत्येकाचा रंग वेगळा. मालकांचा लाल, काकांचा हिरवा. आणि नियम कडक आहे: रेघ दिसली की त्या बोल्टला पुन्हा पाना लावायचा नाही. दुसऱ्याची रेघ तपासणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणण्यासारखं.

फळीवर पांढऱ्या रंगाची डबी होती, जवळजवळ भरलेली. काळ्या इंजिनवर पांढरं उठून दिसतं म्हणून मी ती उचलली. काका म्हणाले, निळी आण बाजारातून. मी म्हणालो, भरली डबी असताना कशाला? तेव्हा मालकांनी मान वर न करता सांगितलं की इथे जो एखादा रंग घेतो, तो त्या रंगाची अर्धवट राहिलेली कामंही घेतो. मी म्हणालो, कबूल. आणि विचारलं, आधीच्या माणसाने अशी किती कामं टाकलीत?

एकच, असं ते म्हणाले.

सोमवार, १०

जुनं इंजिन बाहेर काढलं. चेन पुली लावून मी आणि काकांनी दीड तासात उचललं. काका त्या वेळात स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगत होते आणि इंजिन वर आलं तरी वरात काही निघाली नव्हती.

आता समोरची जागा रिकामी आहे. बाराशे आणि सोळाशे दिसायला सख्खे भाऊ, पण सोळाशे वजनाला जड आणि रुंदीला जास्त. डाव्या बाजूचा माउंट बदलावा लागेल, म्हणजे इंजिनला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात. असे तीन असतात. त्यातला डावा महत्त्वाचा, कारण तो सुटला तर इंजिन तिरकं होऊन खाली बसतं आणि स्टीअरिंग जागच्या जागी अडकतं.

गुरुवार, १३

शेडमधल्या इंजिनवरची ताडपत्री काढली. सोळाशे दिसायला झकास, गंजाचा ठिपका नाही. कुणीतरी ते मायेने पुसून, तेल लावून ठेवलंय. जागोजागी पांढऱ्या रेघा आहेत, आधीच्या माणसाच्या. आखूड, सरळ, पट्टी लावून मारल्यासारख्या. माझी रेघ शेवटी जरा वळते, तिला शेपूट येतं. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मान्य करायला हवं.

ऑइल काढलं तर ते दुधाळ निघालं. म्हणजे आत पाणी शिरलं होतं. बरंच. काकांना विचारलं, हे इंजिन कुठल्या गाडीचं? काकांनी मुखवटा खाली ओढला आणि चक्क गप्प बसले.

सोमवार, १७

बसलं! मापात, एका दमात. मालक दारात उभे राहून बघत होते. इंजिन खाली टेकलं तसे ते आत निघून गेले.

नवं ऑइल भरलं. ठकूला फोनवर सांगितलं की गाडीला हृदय मिळालं. तिने विचारलं, कुणाचं?

बुधवार, १९

एक छोटी गंमत. गिअरबॉक्सचे सहा बोल्ट होते. चार आवळून, रेघा मारून जेवायला गेलो. आलो तर सहाही बोल्टांवर रेघा.

काकांना वाटलं मीच विसरलो. माझी स्मरणशक्ती काही एवढी गेलेली नाही. आणि त्या दोन रेघांना शेपूट नाही.

नियम म्हणजे नियम, म्हणून पाना लावला नाही. पण कुणाची चेष्टा असेल तर मला आवडलेली नाही.

शनिवार, २२

काल संध्याकाळी वायरिंगचा गुंता तसाच सोडून वर आलो होतो. आज सकाळी शटर मीच उघडलं. किल्ली माझ्याच खिशात होती.

सगळ्या वायरी जोडलेल्या. पट्ट्या बांधलेल्या, टोकं नीट कापलेली. सायलेन्सरचा पाइपही बसवलेला. मागचा आणि उजवा माउंट आवळलेले. सगळीकडे सरळ, आखूड पांढऱ्या रेघा. काम इतकं नेटकं की नाव ठेवायला जागा नाही, आणि तेच मला सहन होईना.

मालकांना हाताला धरून आणलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग हात धुवायला गेले. त्यांचे हात स्वच्छच होते.

ऑइल तपासलं. पुन्हा दुधाळ. इंजिन अजून एकदाही सुरू केलेलं नाही.

सोमवार, २४

मनाशी ठरवलं की घाबरायचं नाही आणि काम स्वतः पुरं करायचं. आता फक्त डावा माउंट उरलाय. तीन बोल्ट, वरचे दोन आणि खालचा एक. सुरुवात खालच्यापासून केली. हाताने फिरवून बसवला. टॉर्क पाना काकांकडे होता आणि ब्रश माझ्या हातात, म्हणून रेघ आधी मारून घेतली, पाना आला की आवळू म्हणून. तेवढ्यात ठकूचा फोन आला. शाळेचा दाखला मिळाला, बाहुलीची बॅग भरून झाली, गाडीत बाहुली कुठे बसणार? अर्धा तास गेला. फार बरं वाटलं.

मग पाना घेऊन वरचे दोन आवळले, रेघा मारल्या, बॉनेट लावलं. आज माझ्याच हाताने काम झालं आणि कुणी मध्ये आलं नाही. उगाच मनाचे खेळ होते.

मंगळवार, २५

मनाचे खेळ नव्हते.

दुपारी आम्ही तिघं अंगणात डबे उघडून बसलो होतो. लख्ख ऊन. शटर उघडं. आतून आवाज आला.

टक.

काकांचा घास हातात राहिला. थोड्या वेळाने पुन्हा टक. सावकाश, एकेक बोल्ट घेत जावं तसं. मी मोजले. अकरा वेळा.

कुणीच उठलं नाही. मालक डब्यात बघत होते. मग मीच गेलो. आत कुणी नव्हतं. बॉनेट उघडं, आणि टॉर्क पाना पंख्याच्या पट्ट्याशेजारी ठेवलेला. त्याची मूठ ओली होती.

माझ्या रेघांना मात्र कुणी हात लावलेला नाही. फक्त माझ्या तेवढ्या सोडल्यात.

बुधवार, २६

मालक आज कोटा सोडून बोलले. सगळं लिहून ठेवतो.

आधीचा माणूस माझ्याच खोलीत राहायचा. त्याचीही बायको आणि मुलगी मागून यायची होती. त्यानेही असंच बाराशे काढून हे सोळाशे एका गाडीत बसवलं आणि त्यांना आणायला फाट्याकडे निघाला. पुलाच्या उतारावर डावा माउंट सुटला. स्टीअरिंग अडकलं. गाडी कठडा तोडून खाली, पाण्यात. मायलेकी फाट्यावर अंधार पडेपर्यंत वाट बघत उभ्या होत्या. त्यांना सांगायला मालकच गेले होते.

गाडी बाहेर काढल्यावर कळलं. खालच्या बोल्टवर रेघ होती, अख्खी, न तुटलेली. पण बोल्ट कधी आवळलाच नव्हता. घाईत रेघ आधी मारली असणार.

मला राग आला. म्हणालो, आधी रेघ मारायची म्हणजे काय? शिकाऊ पोरगासुद्धा असं करणार नाही. माझ्याकडून तर जन्मात होणार नाही.

मालक म्हणाले, तो वाईट माणूस नव्हता. काम अर्धं टाकणाऱ्यांतला तर नव्हताच. इंजिन भंगारात द्यायला तीनदा टेम्पो बोलावला आणि तिन्हीदा परत पाठवला, हात धजावला नाही. वाटलं, तुझ्या हातून त्याचं काम पुरं झालं तर सुटेल बिचारा.

पण त्याचं अर्धं काम इंजिन बसवणं नव्हे. ते त्याने केव्हाच पुरं केलं होतं. फाट्यावरून बायको आणि मुलीला आणणं, ते राहिलंय.

हे मी मालकांना बोललो तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

गुरुवार, २७

हिला फोन केला. म्हणालो, दोन दिवस थांबा. मग ती म्हणाली की खोली रिकामी करून किल्ली दिली आहे, सामान पुढे गेलं आहे, आणि तिसऱ्यांदा हे ऐकायची तिची तयारी नाही. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

काय सांगू तिला?

शेवटी म्हणालो, या. गाडी तयार नाही, मालकांच्या पिकअपमधून न्यायला येतो. मी सोडून दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसू नका. ती म्हणाली, दुसरं कोण येणार आहे?

गाडीची बॅटरी काढून वर आणली. खाटेखाली ठेवली. टाकीतलं पेट्रोल काढलं. किल्ली गळ्यात. बॉनेट उघडून आत बघायचं धाडस झालं नाही. आता ती गाडी चालवायचीच नाही तर बघायचं कशाला.

पांढरी डबी भंगाराच्या ढिगात फेकली.

शुक्रवार, २८

सकाळ — डबी फळीवर. झाकण उघडं. रंग ओला.

गाडी जागेवर आहे. कुणीतरी धुतली आहे. काचासुद्धा.

दुपार, ३.२० — चारला निघायचं. शर्ट बदलायला वर आलो. बॅटरी खाटेखालीच आहे, हात लावून बघितली. खाली काका ओरडले. काका कधी ओरडत नाहीत —

३.३० — गाडी नाही.

शटर उघडं, जागा रिकामी. कुणी सुरू केल्याचा आवाज नाही. जागेपासून फाटकापर्यंत ओल्या टायरच्या दोन रेषा. सरळ. काका तिथेच स्टुलावर बसलेत, म्हणतात आत कोण होतं ते बघितलं नाही, फक्त पाठ दिसली. माझा शर्ट होता, म्हणाले. निळा. तो मी आत्ता घातलाय.

फोन लावतोय. बसमध्ये रेंज नाही. पुन्हा लावतोय —

४.४० — पिकअपमध्ये. मालक चालवताहेत. वाटेत रस्त्याचं काम, पाऊण तास तिथेच गेला. अक्षर हलतंय. लिहिलं नाही तर ओरडेन.

अकरा वेळा फोन केला. अकरा.

४.५५ — रेंज आली, माझे कॉल बघून तिचा फोन आला.

बस लवकर पोचली. ती हसत होती. तिने विचारलं, कोण बोलतंय? मी म्हणालो, मी. ती म्हणाली, चेष्टा पुरे, ज्यांचा फोन आहे ते गॅरेजमध्ये विसरून आलेत वाटतं, इथे गाडी चालवताहेत. बोलायचंय का त्यांच्याशी?

म्हणाली, ते आज गप्प गप्प आहेत. बाह्या ओल्या आहेत. ठकूला पुढे बसवलंय.

मी काय बोललो आठवत नाही. उतरा म्हणालो. पुन्हा पुन्हा. ती म्हणाली, तुम्ही कोण आहात, आणि कट —

मालक म्हणतात, आत्ता जाताना गाडी रिकामी होती म्हणून पूल निभावला. येताना भरलेली. आणि पुलावर उतार.

पण म्हणतात, तो त्यांना इजा करणार नाही. त्याला फक्त पोचवायचंय. त्याचं काम चोख आहे, तू बघितलंयस. मी म्हणालो, हो, चोख आहे. एकेक बोल्ट त्याने —

मालकांनी विचारलं, त्यातले तुझे कुठले?

माझे.

वही मागे उलटली. सोमवार, चोवीस.

रेघ आधी मारून घेतली. पाना आला की आवळू. ठकूचा फोन. मग वरचे दोन —

वरचे दोन.

खालचा नाही. खालच्यावर माझी रेघ आहे. शेपटाची. तो त्याला हात लावणार नाही. तो कुणाच्याच रेघेला —

देवा.

५.०२ — ती उचलत नाही.

५.०३ — ठकूने उचलला. तिने आवाज ओळखला नाही. म्हणते, तुम्ही बाबांसारखे बोलता.

तिला सांगितलं, गाडी चालवणाऱ्यांना निरोप दे. पूल यायच्या आधी थांबा. डावा माउंट, खालचा बोल्ट. रेघ खोटी आहे. माझी चूक आहे, तुमची नाही. असं सांग, शब्द न् शब्द. तो कामाचा माणूस आहे. ऐकेल. ऐकायलाच हवं.

फोन कानाला आहे. ती सांगतेय. नीट सांगतेय, शहाणी माझी. इंजिनचा आवाज येतोय. गोड चाललंय.

पुलाचा कठडा दिसायला लागला. पलीकडच्या उतारावर निळं काहीतरी —

मालकांनी हॉर्नवर हात दाबून धरलाय.

ठकू परत आली. म्हणते, बाबा हसले. म्हणाले, रेघ मारलेली मी बघितलीय, मग पुन्हा कशाला बघाय